फ्रॅटर्निटी राहू द्या, तिची गुप्तता नको

अमेरिकेत वाढलेली आपली मुलं विद्यापीठात गेली की पहिल्या काही आठवड्यांतच घरी फोन येतो. ‘मी रश करतेय,’ म्हणजे फ्रॅटर्निटी-सोरॉरिटीत प्रवेशासाठी भेटीगाठी करतेय, नाहीतर ‘मला बिड मिळाली,’ म्हणजे सदस्य होण्याचं आमंत्रण आलं. ज्या आईवडिलांचं स्वतःचं शिक्षण पुण्यात, नागपुरात किंवा सांगलीत झालं, त्यांना यातलं निम्मंच कळतं. त्यांच्या लेखी कॉलेज म्हणजे वर्ग, हॉस्टेल, मेस आणि गॅदरिंग. दारावर ग्रीक अक्षरं लावलेलं भलंमोठं घर, त्यात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी स्वतः निवडून घेतलेले नवे सदस्य, त्या नव्यांचा काही आठवड्यांचा उमेदवारीचा काळ आणि शेवटी बंद दाराआड होणारा दीक्षाविधी, हे सगळं त्यांच्या अनुभवाबाहेरचं असतं. मग ओळखीपाळखीत विचारणा सुरू होते. जाऊ द्यावं का? खर्च किती येतो? दारूचं काय?

हे प्रश्न रास्त आहेत. पण ते प्रत्येक घराने आपापल्या मुलापुरते सोडवावेत, असं मला वाटत नाही. मुलांच्या फ्रॅटर्निटी आणि मुलींच्या सोरॉरिटी विद्यापीठाच्या मान्यतेने चालतात, विद्यापीठाच्या नावावर नवे विद्यार्थी गोळा करतात, कित्येक ठिकाणी विद्यापीठाच्याच जमिनीवर उभ्या असतात. त्यांना कोणत्या अटींवर मान्यता द्यायची, हा सार्वजनिक प्रश्न आहे. माझं उत्तर असं, की या संस्था बंद करू नयेत, पण गुप्ततेचा त्यांचा हक्क काढून घ्यावा. प्रवेश उघड असावा, उमेदवारीचा काळ नसावा आणि राहतं घर विद्यापीठाच्या ताब्यात असावं. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी खुशाल एकत्र यावं, पण विद्यापीठाचं नाव त्यांना मिळू नये.

बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं का पटत नाही, ते आधी सांगते. इंडियानातल्या अ‍ॅस्बरी विद्यापीठाने 1867 मध्ये मुलींना प्रवेश दिला, तेव्हा त्या आलेल्या कोणाला नको होत्या. 1870 मध्ये तिथल्या चार मुलींनी ‘काप्पा अल्फा थीटा’ काढली, कारण त्या वर्गांत टिकून राहायला त्यांना एकमेकींशिवाय कोणी नव्हतं. कॉर्नेलमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृष्णवर्णीय विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि तेही मध्येच शिक्षण सोडून जात होते. त्यांनी 1906 मध्ये ‘अल्फा फाय अल्फा’ स्थापन केली. पुढे मार्टिन ल्यूथर किंग याच संघटनेचे सदस्य झाले. हॉवर्ड विद्यापीठात 1908 मध्ये ‘अल्फा काप्पा अल्फा’ सुरू झाली, कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची पहिली सोरॉरिटी. कमला हॅरिस तिच्याच. 1913 च्या जानेवारीत स्थापन झालेल्या ‘डेल्टा सिग्मा थीटा’च्या मुली दोनच महिन्यांत, 3 मार्चला, वॉशिंग्टनमधल्या स्त्रियांच्या मताधिकार मोर्चात चालत होत्या. आपल्याकडे शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी केली ती याच गरजेतून. ज्याला शहरात कोणी खोली देत नाही, पंगतीला बसवत नाही, त्याला शिकायचं असेल तर आधी डोक्यावर छप्पर आणि आजूबाजूला आपली माणसं लागतात.

भारतीय वंशाच्या मुलांचंही तेच झालं. 1998 मध्ये ऑस्टिनमधल्या टेक्सस विद्यापीठात दक्षिण आशियाई मुलांची ‘डेल्टा एप्सिलॉन साय’ आणि मुलींची ‘काप्पा फाय गॅमा’ सुरू झाली, त्याच वर्षी ह्यूस्टनमध्ये ‘डेल्टा फाय ओमेगा’, पुढच्या वर्षी लॉस अँजेलिसमध्ये ‘बीटा काय थीटा’. ही ज्यांनी काढली ती मुलं शाळेच्या डब्यातल्या भाजीच्या वासावरून चिडवून घेत वाढलेली पिढी होती. चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात आपलं नाव नीट उच्चारणारी वीस माणसं मिळणं ही अठरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात मोठी गोष्ट असते. त्या एकटेपणाला हसणाऱ्यांनी पहिल्या सेमिस्टरमधली वसतिगृहाची खोली पाहिलेली नाही.

आणि या नात्याचा व्यवहारात उपयोग होतो हेही खरं. न्यूयॉर्कमधल्या युनियन कॉलेजच्या अर्थशास्त्रज्ञांनी एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. फ्रॅटर्निटीत गेलेल्या मुलांचे गुण चारच्या मापात सरासरी पाव अंकाने खाली येतात, पण पुढे त्यांची कमाई सुमारे 36 टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे अभ्यास कमी होऊनही पगार वाढतो. हा ओळखींचा परतावा आहे. जिथे एवढं काही वाटलं जातं, तिथे ते कोणाला मिळावं हे कोण आणि कसं ठरवतं, हे विचारण्याचा हक्क विद्यापीठाला आणि समाजाला आहेच. पण 1972 च्या ज्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शिक्षणात लिंगभेदाला मनाई केली, त्यातूनही या संस्थांच्या सदस्यत्वाला 1974 मध्ये खास सूट देण्यात आली. निवड कशी होते, हे बाहेरच्यांनी विचारायचं नाही असाच रिवाज पडला.

त्या रिवाजाचं फळ अलाबामा विद्यापीठात दिसलं. 1963 मध्ये दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आत येऊ न देण्यासाठी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस जिथे स्वतः दारात उभा राहिला, तेच हे विद्यापीठ. त्यानंतर पन्नास वर्षांनी, सप्टेंबर 2013 मध्ये, विद्यार्थ्यांच्याच ‘द क्रिमसन व्हाइट’ या वृत्तपत्राने उघड केलं, की उत्तम गुण आणि उत्तम शिफारशी असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीला गोऱ्या मुलींच्या सोरॉरिटींनी एकामागून एक नाकारलं आहे. सदस्य मुलींपैकी कित्येकींना ती हवी होती. जुन्या, पदवी घेऊन गेलेल्या सदस्यांनी पडद्याआडून तिचं नाव कापलं, असं त्या मुलींनीच सांगितलं. बातमी छापून आली, देशभर गाजली आणि काही दिवसांत विद्यापीठाच्या अध्यक्षांनी प्रवेश पुन्हा खुले करायला लावले. एखाद-दुसरा अपवाद वगळता पन्नास वर्षं जे हललं नव्हतं ते एका बातमीने हललं. विद्यापीठाकडे भेदभावाविरुद्धचे नियम तेव्हाही होते. ते लागू झाले ते बंद खोलीतली गोष्ट बाहेर आल्यावर.

यापुढचं लिहिणं जड जातं, पण टाळता येत नाही.

पेन स्टेट विद्यापीठातलं ‘बीटा थीटा पाय’चं घर फेब्रुवारी 2017 मध्ये कागदोपत्री आदर्श होतं. घरात दारूबंदी. जागोजागी कॅमेरे. एक प्रौढ सल्लागार त्याच घरात राहायला. सुरक्षिततेसाठी जे जे सुचवलं जातं ते सगळं तिथे होतं. 2 फेब्रुवारीच्या रात्री नव्या 14 मुलांना तिथे रांगेने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पळवत वोडका, बिअर, वाइन असं पाजण्यात आलं. त्यांच्यात 19 वर्षांचा टिमथी पिआझा होता. सरकारी पक्षाने मांडलेल्या हिशेबानुसार 82 मिनिटांत त्याच्या पोटात 18 पेयं गेली. रात्री पावणेअकराच्या सुमारास तो तळघराच्या जिन्यावरून कोसळला. मुलांनी त्याला उचलून वर आणलं, कोचावर ठेवलं, तोंडावर पाणी मारलं. झोपेत उताणा होऊन उलटी घशात अडकू नये म्हणून त्याच्या पाठीला पुस्तकांनी भरलेली सॅक लावली. एक सदस्य म्हणाला की याला हॉस्पिटलात न्यायला हवं, तर त्याला ढकलून गप्प केलं गेलं. रात्रभर तो उठत होता, पडत होता. 911 या आपत्कालीन क्रमांकाला फोन गेला तो दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकरानंतर, पडल्यापासून सुमारे बारा तासांनी. 4 फेब्रुवारीला तो गेला.

त्या सॅकवर माझं मन अडतं. बेशुद्ध माणूस उलटीने गुदमरू शकतो हे त्या मुलांना माहीत होतं. उपायही ठरलेला होता, म्हणजे ही वेळ त्यांच्यासाठी नवी नव्हती. धोका ठाऊक असलेल्या, एरवी बऱ्या घरांतल्या, पुढे इंजिनिअर आणि वकील होणार असलेल्या मुलांनी बारा तास फोन का केला नाही? क्रूरपणा हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. फोन करणं म्हणजे बाहेरच्या माणसाला आत बोलावणं. 21 वर्षांखालच्यांना दारू दिली हे उघड होणं, चॅप्टर, म्हणजे फ्रॅटर्निटीची त्या विद्यापीठातली शाखा, बंद होणं, ज्यांनी आपल्याला ‘भाऊ’ म्हटलं त्यांच्याशी बेइमान ठरणं. कित्येक राज्यांत, पेनसिल्व्हेनियातही, मदतीसाठी फोन करणाऱ्याला दारूच्या गुन्ह्यातून संरक्षण देणारे कायदे तेव्हा होतेच. ते त्या खोलीत कोणाच्या मनात आले नाहीत, कारण आठवडेच्या आठवडे त्या मुलांनी एकच धडा गिरवला होता: इथलं बाहेर जाऊ द्यायचं नाही.

पेनसिल्व्हेनियाने 2018 मध्ये त्या मुलाच्या नावाने कायदा केला. हेझिंग म्हणजे नव्या सदस्याला सामावून घेण्याच्या नावाखाली दिलेला त्रास; ज्यात मृत्यू किंवा गंभीर इजा होते असं हेझिंग आता तिथे गंभीर गुन्हा आहे. विद्यापीठाने ते चॅप्टर कायमचं बंद केलं. खटला मात्र सात वर्षं चालला आणि शेवटच्या दोघांना 2024 मध्ये दोन ते चार महिन्यांची शिक्षा झाली. पिआझा एकटा नव्हता. हेझिंगच्या मृत्यूंची नोंद ठेवणारे पत्रकार हँक न्यूअर यांच्या यादीनुसार 1959 पासून 2021 पर्यंत अमेरिकेत दरवर्षी किमान एक विद्यार्थी असा मेला आहे. दारू हेच एकमेव कारण असतं तर उपाय सोपा होता. 1873 मध्ये कॉर्नेलचा एक विद्यार्थी मेला तो असाच दीक्षाविधीसाठी रात्री अनोळखी रानात नेला असताना, अंधारात दरीत पडून.

हेझिंग म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे रॅगिंग येतं. महाराष्ट्राने 1999 मध्येच रॅगिंगविरुद्ध कायदा केला, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. 2009 मध्ये हिमाचलमधल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा मारहाणीने मृत्यू झाल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर नियम कडक केले. पण दोन्हींत एक फरक आहे आणि तो लक्षात न घेतल्यामुळे आपले पालक गाफील राहतात. रॅगिंग होणाऱ्या मुलाने आधीच प्रवेश घेतलेला असतो. सीनियरकडे त्याला देण्यासारखं काही नसतं. त्याला फक्त सुटका हवी असते, म्हणून तो निदान मनातल्या मनात तरी विरोध करतो. फ्रॅटर्निटीतला नवा मुलगा स्वतःहून आलेला असतो. समोर बक्षीस ठेवलेलं असतं, ते मिळवायला तो स्वतः पुढे होतो. जितकं सोसलं तितकं ते बक्षीस त्याला मोलाचं वाटू लागतं आणि पुढच्या वर्षी तोच दुसऱ्याला सोसायला लावतो. घरी फोनवर विचारलं तर तो मनापासून सांगेल, ‘आई, मजा येतेय.’ म्हणूनच फ्लोरिडासारख्या राज्यांच्या कायद्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे, की सोसणाऱ्याची संमती होती हा बचाव चालणार नाही. हे कलम मला फार शहाणपणाचं वाटतं. ज्याच्या हातात नकार देण्याची खरी ताकद नाही त्याच्या होकाराला किंमत देता येत नाही.

मग उमेदवारीचा काळच काढून टाकला तर? हेही करून झालं आहे. कृष्णवर्णीयांच्या आठ प्रमुख संघटनांनी 1990 मध्ये ‘प्लेज’ ठेवण्याची पद्धतच रद्द केली. ती पद्धत भूमिगत झाली. 1994 मध्ये मिसुरीत अशाच लपवलेल्या विधीत मारहाण होऊन एक विद्यार्थी मेला. ‘सिग्मा अल्फा एप्सिलॉन’ या मोठ्या राष्ट्रीय फ्रॅटर्निटीनेही 2014 मध्ये उमेदवारी रद्द केली. वर्षभरात तिच्या ओक्लाहोमा चॅप्टरच्या मुलांचा बसमध्ये वंशद्वेषी घोषणा गातानाचा व्हिडिओ बाहेर आला. ते गाणं मुलांनी काही वर्षांपूर्वी संघटनेच्याच एका राष्ट्रीय मेळाव्यात शिकून घेतलं होतं, असं विद्यापीठाच्या चौकशीत निघालं. वरून आलेला हुकूम बंद दारापाशी थांबतो. दार बंद ठेवून आत सुधारणा होईल, ही आशा निदान आता तरी सोडून द्यायला हवी.

आणि इथे घराचा मुद्दा येतो. मला वाटतं संपूर्ण वादातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. 1984 च्या केंद्रीय कायद्यानंतर अमेरिकेत दारू पिण्याचं वय सगळीकडे 21 झालं. विद्यापीठातली पहिली तीन वर्षं बहुतेक विद्यार्थी त्या वयाखालचे असतात. वसतिगृहात दारू ठेवली तर पकडले जातात, बारमध्ये घेत नाहीत. उरतं कोणतं ठिकाण? जिथे 21 वर्षांवरचे काही सीनियर राहतात, जे घर भाड्याचं किंवा माजी सदस्यांच्या ट्रस्टचं आहे आणि जिथे विद्यापीठाचा माणूस सहज येत नाही. फ्रॅटर्निटीचं घर पार्टीचं केंद्र झालं ते मुलांच्या स्वभावामुळे जितकं, तितकंच या व्यवस्थेमुळे.

सोरॉरिटींच्या राष्ट्रीय संघटनांनी आपल्या घरांत दारूला बंदी घातली आहे. हेतू चांगला. परिणाम मात्र असा, की मुलींना पार्टी करायची तर मुलांच्या घरी जावं लागतं. तिथे दारात कोण उभा राहील हे मुलं ठरवतात. कोणाला आत घ्यायचं, किती मुली आणि किती मुलगे, ग्लासात काय ओतायचं, वरच्या खोल्यांची दारं कोणाला उघडायची, रात्री दोन वाजता परत नेऊन सोडणारा गाडीवाला कोण, सगळं त्यांच्या हातात. मुलगी तिथे कायमची पाहुणी. काही बिनसलं तर ओळखीचा कोपरा नाही, आपली खोली नाही. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी या घरांभोवती का गोळा होतात, याचं बरंचसं उत्तर मला या रचनेत दिसतं. 2019 मध्ये स्वार्थमोर कॉलेजमध्ये एका फ्रॅटर्निटीची जुनी टिपणं बाहेर आली. स्त्रियांविषयी त्यांत जे लिहिलं होतं ते वाचून विद्यार्थी त्या घरात ठिय्या देऊन बसले आणि तिथल्या दोन्ही फ्रॅटर्निटींनी स्वतःच गाशा गुंडाळला. त्यांतली एक, ‘डेल्टा अप्सिलॉन’, 1834 मध्ये गुप्त संघटनांना विरोध करण्यासाठीच जन्मलेली. संघटनेची नियमावली जाहीर असून भागत नाही, हे मी त्यावरून शिकले. किल्ली कोणाकडे आहे ते पाहावं लागतं.

‘आपल्या मुलांच्या संघटना तशा नसतात,’ हे वाक्य मी मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत अनेकदा ऐकते आणि दर वेळी मला काळजी वाटते. डिसेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजचा एक 19 वर्षांचा विद्यार्थी पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात भाड्याने घेतलेल्या घराच्या अंगणात जबर जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात मेला. त्याची फ्रॅटर्निटी, ‘पाय डेल्टा साय’, आशियाई वंशाच्या मुलांची होती. डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वजनाची बॅग आणि गोठलेल्या जमिनीवरून चालताना चहूबाजूंनी धडका. या विधीला नाव होतं ‘काचेचं छत’: आशियाई माणसाला अमेरिकेत वर चढताना जो अडथळा येतो, त्याची म्हणे ती शिकवण. अन्यायाची खरी जाणीव, आईवडिलांच्या पिढीचं खरं दुःख, पोराला बदडण्याच्या कामी आलं. न्यायालयाने इथे व्यक्तींवर न थांबता संघटनेलाही दोषी ठरवलं, दंड केला आणि दहा वर्षं त्या राज्यात काम करायला बंदी घातली. मारणाऱ्यांचा आणि मार खाणाऱ्याचा वंश एक होता. कारणही परकं नव्हतं. जी मुलं बाहेर ठेवली गेली म्हणून एकत्र आली, त्यांनी बाहेर ठेवणाऱ्यांचीच रीत उचलली.

विरोधकांचा सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. ते म्हणतात, फार ताणाल तर या संस्था विद्यापीठ सोडून जातील आणि मग कसलंच नियंत्रण राहणार नाही. हे काल्पनिक नाही. कोलोराडो विद्यापीठाने बोल्डरमध्ये एका मृत्यूनंतर अटी घातल्या, तेव्हा 2005 मध्ये तिथल्या फ्रॅटर्निटी विद्यापीठाबाहेर पडल्या आणि गावातल्या टेकडीवर स्वतंत्रपणे चालू राहिल्या. ड्यूकमध्ये 2021 मध्ये, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात 2022 मध्ये तेच घडलं. मी हा आक्षेप गंभीरपणे घेते. पण बाहेर गेलेल्यांवरचं नियंत्रण सुटतं म्हणताना, आत असलेल्यांवर ते होतं असं आपण गृहीत धरतो. पेन स्टेटचं ते घर मान्यताप्राप्त होतं. मान्यतेने तिथल्या मुलांना वाचवलं नाही. उलट पालकांना खोटा दिलासा दिला, की विद्यापीठाचं लक्ष आहे. बाहेर गेलेली संस्था निदान प्रवेश-पुस्तिकेत, पालक-दिवसाच्या कार्यक्रमात, विद्यापीठाच्या शिक्क्यासह मिरवत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला कळतं की हा गावातला एक खाजगी क्लब आहे.

संघटना करण्याचं स्वातंत्र्य मात्र मोडता कामा नये. 1972 च्या ‘हीली विरुद्ध जेम्स’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सरकारी कॉलेज एखाद्या विद्यार्थी संघटनेचे विचार आवडत नाहीत म्हणून तिला मान्यता नाकारू शकत नाही. हे योग्यच आहे आणि भारतात आज आपल्याला त्याची किंमत अधिक कळावी. पण सर्व संघटनांना सारख्या लागू असलेल्या, वर्तनाच्या अटी घालायला त्या निकालाने मुभा ठेवली आहे. खाजगी संस्थांना तर मोकळीक आहेच. विल्यम्स कॉलेजने 1962 मध्ये फ्रॅटर्निटींची सद्दी संपवली, त्यांची घरं विद्यार्थ्यांच्या राहण्यासाठी कॉलेजकडे आली आणि कॉलेजचं काही अडलं नाही. हार्वर्डची चूक टाळायला हवी: 2016 मध्ये त्यांनी केवळ मुलांच्या किंवा केवळ मुलींच्या क्लबमध्ये जाणाऱ्या विद्यार्थ्यांनाच शिक्षा द्यायचं ठरवलं. कोणाला पुढारीपण नाही, कोणाला शिष्यवृत्तीची शिफारस नाही. झळ आधी लागली ती मुलींच्या छोट्या संघटनांना. जुन्या, गडगंज पुरुष-क्लबांनी ती सहज सोसली. 2020 मध्ये ते धोरण मागे घ्यावं लागलं. एकत्र येणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षा करून काय साधणार? अट संस्थेला घालायची असते.

गुप्तता गेली की ही नाती विरून जातील, असं जुने सदस्य कळवळून सांगतात. त्यांना मी त्यांच्याच घराण्याचा इतिहास दाखवीन. ग्रीक अक्षरांची पहिली विद्यार्थी संघटना ‘फाय बीटा काप्पा’, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजमध्ये 5 डिसेंबर 1776 ला स्थापन झाली. शपथ, खुणेचं हस्तांदोलन, गुप्त बोधवाक्य, पुढच्या सगळ्यांनी जे उचललं ते सगळं तिच्याकडे होतं. 1826 मध्ये न्यूयॉर्क राज्यात फ्रीमेसन मंडळींची गुपितं छापायला निघालेला विल्यम मॉर्गन हा माणूस नाहीसा झाला आणि देशभर गुप्त मंडळांविरुद्ध संताप उसळला. त्या वादळात, 1831 मध्ये, ‘फाय बीटा काप्पा’च्या हार्वर्ड शाखेने आपली गुपितं जाहीर करून टाकली आणि संघटनेची गुप्तता संपली. संघटना संपली नाही. आज उत्तम विद्यार्थ्याला मिळणारा तो देशातला सर्वांत मानाचा बहुमान आहे. कोणालाही तो मिळवण्यासाठी मार खावा लागत नाही.

हस्तांदोलन गुप्त ठेवलं, प्रार्थना गुप्त ठेवली तर माझी काही हरकत नाही. ज्या गुप्ततेत एक माणूस दुसऱ्याच्या हाती सापडतो, ती मला नको आहे. पहिल्या सेमिस्टरमध्ये कोणालाही घेऊ नये. मुलाला आधी स्वतःचे दोन मित्र जोडू द्यावेत. बिड दिली त्याच आठवड्यात पूर्ण सदस्यत्व द्यावं, म्हणजे वर-खाली असा दर्जाच उरणार नाही. निवडीचे निकष आणि नकार देणाऱ्याचा अधिकार लिखित असावा, माजी सदस्यांचा पडद्याआडचा नकाराधिकार नसावा. घराची किल्ली आणि रात्रीची जबाबदारी विद्यापीठाच्या पगारी माणसाकडे असावी. घरात राहणारा सल्लागार फ्रॅटर्निटीने नेमलेला नसावा. सोरॉरिटीच्या घरी उघड, देखरेखीखाली कार्यक्रम करायची मुभा हवी, म्हणजे मुली आपल्याच अंगणात यजमान होतील.

23 डिसेंबर 2024 ला अध्यक्ष बायडन यांनी ‘स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्ट’वर सही केली. आता प्रत्येक विद्यापीठाला हेझिंगचे आकडे वार्षिक सुरक्षा अहवालात द्यावे लागतात आणि दोषी आढळलेल्या संघटनांची नावं, काय घडलं आणि काय कारवाई झाली यासह, वर्षातून किमान दोनदा जाहीर करावी लागतात. हेझिंगमध्ये मुलं गमावलेल्या आईवडिलांनी वर्षानुवर्षं खेटे घालून हा कायदा मिळवला आहे. आपल्या पालकांनी तो अहवाल उघडून वाचावा. पण त्यात नाव येतं ते चौकशीत दोष सिद्ध झालेल्या संघटनेचं. ज्या घरातलं काहीच बाहेर येत नाही, त्या घराची पाटी या अहवालात कोरीच दिसणार. म्हणून विद्यापीठांनी त्याच पानावर प्रत्येक मान्यताप्राप्त संस्थेपुढे आणखी चार गोष्टी लिहाव्यात: घर कोणाच्या मालकीचं आहे, रात्री तिथे कोण जबाबदार असतं, नवा सदस्य पहिल्या दिवसापासून कुठे, किती तास आणि कशासाठी बोलावला जातो, आणि त्याला किती पैसे द्यावे लागतात. आपल्यातले कित्येक जण आज या विद्यापीठांना देणग्या देतात, पालक समित्यांवर बसतात, काही विश्वस्तही आहेत. ही मागणी लेखी करायला त्यांना पुढच्या मृत्यूची वाट पाहण्याचं कारण नाही.